सहकारी बँकेच्या नव्या ॲपचे लॉगिन: पुढे पाच वाटा, मागे एकच

नागपुरातील ज्या नागरी सहकारी बँकेत आमच्या घरातील बहुतेकांची खाती आहेत, तिने काही महिन्यांपूर्वी आपल्या मोबाइल ॲपची नवी आवृत्ती आणली आणि लॉगिनसाठी एकदम पाच पद्धती उपलब्ध करून दिल्या: अक्षरी पासवर्ड, सहा अंकी एमपिन, नऊ ठिपक्यांचा पॅटर्न, चित्रांचा पासवर्ड आणि बोटाचा ठसा. बँकेचे नाव येथे देत नाही, कारण अशी ॲप बहुधा बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपन्या तयार करतात आणि थोडाफार रंग व बोधचिन्ह बदलून तोच साचा अनेक सहकारी बँकांना पुरवतात. तेव्हा येथील गुणदोष एका बँकेच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पैसे पाठवणे, ठेवी, वीजबिल वगैरे सोयींबद्दल या परीक्षणात काही नाही. ॲप उघडण्यापासून खात्यातील शिल्लक दिसेपर्यंतच्या टप्प्याचाच विचार येथे केला आहे, आणि तो पुरेसा मोठा विषय आहे.

लॉगिन सोपे आहे की अवघड, याचे उत्तर सहसा एका शब्दात दिले जाते. वास्तविक जे एकाला सोपे, ते दुसऱ्याला डोकेदुखी ठरते, आणि त्याचा संबंध वयाशी किंवा शिक्षणाशी असतोच असे नाही. एखादी गोष्ट लक्षात ठेवण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते. महालात राहणाऱ्या माझ्या मावशीने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. तिच्या लक्षात शब्द राहतात, ओळीच्या ओळी राहतात, पण काल भेटलेल्या माणसाचा चेहरा राहत नाही. गोकुळपेठेतील माझा मेहुणा साड्यांवर आणि ब्लाउजवर भरतकामासाठी नक्षी आखून देतो. त्याला दहा वर्षांपूर्वीचे बुट्टे कागदावर जसेच्या तसे काढता येतात, परंतु स्वतःच्या गाडीचा नंबर विचारला तर तो खिडकीतून गाडीकडे पाहतो. इतवारीत धान्याच्या ठोक दुकानात हिशेब लिहिणारे आमचे शेजारी मुनीमकाका आकड्यांचे पक्के आहेत, त्यांना मालाचे भाव महिनोन्‌महिने तोंडपाठ असतात. या तिघांनी हे ॲप कसे वापरले, ते जवळून पाहूनच पुढील मते बनवली आहेत.

विचार करण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या या वेगवेगळ्या वळणांचा अभ्यास मानसशास्त्रात जुना आहे. अमेरिकेतील हर्मन विटकिन यांनी १९४० च्या दशकापासून असे प्रयोग केले की, अंधाऱ्या खोलीत तिरप्या चौकटीच्या आत असलेली दांडी माणसाला सरळ उभी करायला सांगायची. काही लोक चौकटीकडे दुर्लक्ष करून दांडी बरोबर उभी करत, तर काहींची दांडी चौकटीच्या कलाबरोबर कलत असे. आजूबाजूच्या पसाऱ्यातून हवी ती गोष्ट वेगळी काढणारे आणि संपूर्ण दृश्य एकत्र घेऊन चालणारे, अशी ही दोन वळणे झाली. पुढे १९७१ मध्ये, गुंतागुंतीच्या आकृतीत दडलेली साधी आकृती शोधायला लावणारी लेखी चाचणीही प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ॲलन पायव्हिओ यांनी असे मांडले की, शब्द आणि प्रतिमा यांची साठवण मनात दोन वेगळ्या वाटांनी होते. शब्दांच्या आधाराने विचार करणारे आणि चित्रांच्या आधाराने विचार करणारे, ही दुसरी विभागणी याच अंगाने जाते. गेल्या दशकात सायप्रस आणि ग्रीसमधील संशोधकांनी या दोन्ही विभागण्या थेट लॉगिनला लावून पाहिल्या. शब्दांच्या वळणाचे लोक अक्षरी पासवर्डमध्ये आणि चित्रांच्या वळणाचे लोक चित्र-पासवर्डमध्ये तुलनेने सहज वावरतात, असा त्या अभ्यासांचा साधारण सूर आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माणसांची अशी वळणे असतात म्हणून प्रत्येकाला त्याच्या वळणाप्रमाणे शिकवले की तो जास्त शिकतो, हा शिक्षणक्षेत्रातील लाडका समज २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नव्हता. त्यामुळे मावशीच्या कपाळी ‘शाब्दिक’ आणि मेहुण्याच्या कपाळी ‘चित्रमय’ असा शिक्का मारून मोकळे होण्यात शहाणपण नाही. बहुतेक माणसे दोन्ही वाटा वापरतात, फक्त एकीवर त्यांचा पाय अधिक सहज पडतो. लॉगिनमध्ये मात्र हा छोटासा फरकही रोज जाणवतो, कारण तेथे ‘जवळजवळ आठवले’ याला काहीच किंमत नसते.

आता अक्षरी पासवर्डकडे वळू. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या सामायिक संगणकावर आली आणि आजही तीच सर्वांची आई आहे. या ॲपमध्ये पासवर्ड आठ ते पंधरा अक्षरांचाच असावा, त्यात एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह असावे आणि तो दर नव्वद दिवसांनी बदलावा, असा नियम आहे. हा नियम कालबाह्य आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणन संस्थेसाठी २००३ मध्ये बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शनातून असे नियम जगभर पसरले, त्याच संस्थेने २०१७ मध्ये ते मागे घेतले, आणि स्वतः बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल त्या वर्षी खेद व्यक्त केला. कारण साधे आहे: माणूस नियम पाळतो, पण सर्वांत कमी त्रासाच्या वाटेने पाळतो. शहराचे नाव, पहिले अक्षर मोठे, मग ‘ॲट’चे चिन्ह आणि १२३, तीन महिन्यांनी तेच नाव आणि १२४. असा पासवर्ड ना लक्षात ठेवणाऱ्याच्या कामाचा, ना चोराला अडवणारा.

शब्दांच्या वळणाच्या माणसासाठी हीच पद्धत उत्तम ठरू शकली असती. मावशीने चार शब्दांचे एक वाक्य ठरवले होते: मागच्या अंगणातील एका झाडाचे, त्याच्या रंगाचे आणि विहिरीचे. असे लांब, अर्थपूर्ण आणि दुसऱ्याला न सुचणारे वाक्य तिच्या स्मरणातून जन्मात जाणार नाही. परंतु पंधरा अक्षरांच्या मर्यादेमुळे ते बसत नाही, आणि देवनागरी अक्षरे तर ॲप घेतच नाही. मराठी माणसाची खरी अडचण येथून सुरू होते. मनात शब्द मराठीत असतो, आवाजासकट असतो. पडद्यावर तो रोमन लिपीत उतरवावा लागतो, आणि त्या उतरवण्याला कोणताही ठाम नियम नाही. ‘पिवळा’ लिहिताना ‘व’साठी व्ही घ्यायचा की डब्ल्यू, शेवटी एक ए की दोन, ‘व’ आणि ‘ळ’ यांच्यामध्ये ए द्यायचा की नाही? आज एक लिहिले, परवा दुसरे लिहिले, आणि दोन्ही वेळा मनात शब्द एकच होता. टाइप केलेली अक्षरे काळ्या ठिपक्यांआड लपलेली असल्यामुळे कोठे घसरले तेही कळत नाही. अक्षरे क्षणभर दाखवणारे डोळ्याचे चिन्ह या ॲपमध्ये आहे, पण ते इतके फिकट आहे की ते दाखवून देईपर्यंत मावशीला दिसलेच नव्हते. इंग्रजीत विचार करणाऱ्या माणसाला हा अडथळा भेटतच नाही, म्हणून तो आराखडा करणाऱ्यांच्या ध्यानातही आला नसावा.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड तयार करून जपून ठेवणारे ॲप, वापरणाऱ्यांची तर येथे पंचाईतच आहे. पासवर्डच्या चौकटीत मजकूर चिकटवण्याची (पेस्ट करण्याची) सोय बंद केली आहे, म्हणजे मॅनेजरने तयार केलेला लांबलचक पासवर्ड पाहून एकेक अक्षर हाताने उतरवत बसावे लागते. यामागे सुरक्षेचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. संकेतस्थळे आणि ॲप सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मधील २.२ या आवृत्तीत लॉगिनसाठी स्वतंत्र निकष घातला आहे. लॉगिनच्या कोणत्याही टप्प्यावर माणसाला केवळ स्मरणशक्तीच्या किंवा कोडे सोडवण्याच्या भरवशावर सोडू नये, त्याला दुसरी पद्धत किंवा मदत मिळावी, असे तो सांगतो. आणि पासवर्ड मॅनेजरला व चिकटवण्याला वाव देणे ही अशीच मदत मानली जाते. ही वाट बंद करून बँकेने स्मरणशक्तीची परीक्षा विनाकारण कडक केली आहे.

सहा अंकी एमपिन ही बहुतेक ग्राहकांची पहिली पसंती असते, आणि या ॲपमधील सर्वांत मजेशीर बिघाडही येथेच आहे. एमपिनसाठी येणाऱ्या कीपॅडवरचे आकडे दर वेळी आपल्या जागा बदलतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने बोटाच्या हालचालीवरून पिन ओळखू नये किंवा काचेवरील डागांवरून तो लक्षात येऊ नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु आकडे लक्षात ठेवण्याच्या दोन अगदी भिन्न रीती आहेत, याचा विसर पडलेला दिसतो. मुनीमकाकांना पिन आकडा म्हणून आठवतो. ते मनात दोन-दोनच्या जोड्या म्हणतात आणि कीपॅड कसाही असला तरी आकडे शोधून दाबतात. मेहुण्याला पिन आकडा म्हणून ठाऊकच नसतो. एटीएमवर त्याचा अंगठा वर, कोपऱ्यात, मग मधोमध असा फिरतो. तो पिन आकार म्हणून लक्षात ठेवतो, बोटांतून लक्षात ठेवतो. या ॲपवर त्याने पहिल्यांदा पिन टाकायला घेतला, तेव्हा अंगठा हवेतच थबकला आणि त्याने मला विचारले, “हे आकडे रोज जागा काहून बदलवते?” नंतर त्याने एका कागदावर नेहमीचा कीपॅड काढला, त्यावरून बोट फिरवले, आपला पिन काय आहे ते वाचले, आणि मग ॲपवर एकेक आकडा शोधत दाबला. कागद तसाच टेबलावर राहिला होता. शेजाऱ्याच्या नजरेपासून पिन वाचवण्यासाठी केलेल्या सोयीचा शेवट पिन कागदावर उमटण्यात झाला, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

मुनीमकाकांची अडचण निराळी होती आणि ती मला अपेक्षित नव्हती. दिवसभर कॅल्क्युलेटरवर आणि संगणकाच्या अंकपट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताला सात-आठ-नऊ वरच्या ओळीत असण्याची सवय असते, तर फोनवर आणि एटीएमवर वरच्या ओळीत एक-दोन-तीन असतात. त्यामुळे फोनचा स्थिर कीपॅडदेखील त्यांना उलटा वाटतो आणि बदलता कीपॅड त्यांना फारसा खुपत नाही. म्हणजे ज्या सोयीवर एकाने हात जोडले, ती दुसऱ्याच्या पथ्यावर पडली. यावरचा उपाय अवघड नाही: आकडे जागेवर ठेवावेत की फिरवावेत, हे सेटिंगमध्ये ग्राहकाला ठरवू द्यावे. सध्या ते हाती नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोंधळ आहे. ॲप उघडण्यासाठी एमपिन, पैसे पाठवण्यासाठी टीपिन, आणि यूपीआयसाठी त्याचा स्वतंत्र चार किंवा सहा अंकी पिन. शिवाय एटीएमचा पिन वेगळा. यूपीआय पिनचा पडदा २०१६ मध्ये ती सेवा सुरू झाल्यापासून ती चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या ठरलेल्या साच्यातून येतो, त्यावर बँकेची सत्ता चालत नाही. पण एमपिन आणि टीपिन हे दोन्ही पडदे बँकेचे आहेत, आणि ते दिसायला एकसारखे आहेत: तोच रंग, तेच सहा गोल, वरच्या ओळीतील एका अक्षराचा काय तो फरक. आकड्यांची एक मालिका आठवताना तिच्या शेजारची दुसरी मालिका मध्ये येते, हा सर्वांचाच अनुभव आहे. पडद्याचा रंग बदलला असता, तरी चित्रांच्या वळणाच्या माणसाला हिरव्या पडद्याचा हा आणि निळ्याचा तो असा धागा मिळाला असता. शब्दांच्या वळणाच्या माणसाला ‘पैसे पाठवण्याचा पिन’ असे सरळ लिहिलेले पुरले असते. ॲपने दोघांनाही काही दिले नाही.

नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अँड्रॉइड फोनमुळे तो घरोघरी पोचला आहे, किमान चार ठिपके जोडावे लागतात आणि एकूण ३,८९,११२ आकृत्या संभवतात. सहा अंकी पिनच्या दहा लाखांपुढे हा आकडा लहान आहे, आणि प्रत्यक्षात तो आणखी लहान होतो, कारण पुष्कळ लोक डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि इंग्रजी अक्षराची आकृती काढतात. मेहुण्याने मात्र आपल्या धंद्यातील कोयरीच्या वळणाचा पॅटर्न ठेवला आहे, जो मला त्याच्या शेजारी बसूनही उचलता आला नाही. मावशीला हा पर्याय मुळीच रुचला नाही. तिने प्रत्येक ठिपक्याला मनात क्रमांक दिला आणि पॅटर्न आकड्यांत पाठ केला. म्हणजे चित्राचे तिने अखेर शब्दच केले.

चित्रांचा पासवर्ड हा या ॲपमधील नवलाईचा भाग आहे, आणि सहकारी बँकेने तो देण्याचे धाडस केले याबद्दल तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे. कल्पना जुनी आहे. ग्रेग ब्लाँडर यांना चित्रावरील ठरावीक जागांना स्पर्श करून ओळख पटवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९६ मध्ये मिळाले होते, आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये फोटोवर तीन खुणा करून संगणक उघडण्याची सोय होती. त्यामागचा आधारही भक्कम आहे. माणसाला एकदा पाहिलेली चित्रे ओळखण्याचे विलक्षण कौशल्य असते. लायोनेल स्टँडिंग यांच्या १९७३ मधील प्रयोगांत दहा हजार चित्रे दाखवल्यानंतरही लोक त्यांतील बहुसंख्य ओळखत होते. आठवून लिहिणे कष्टाचे, समोर आल्यावर ओळखणे सोपे, हा फरक लक्षात घेतला तर ही पद्धत सर्वांनाच सुखाची व्हायला हवी.

ॲपमध्ये तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मोठ्या चित्रावर ठरवलेल्या चार जागांना क्रमाने स्पर्श करायचा असतो, आणि त्यासाठी नागपूरची काही चित्रे दिली आहेत. झीरो माइलचे चित्र आम्ही सर्वांनी आधी निवडले. आता झीरो माइलच्या चित्रात माणूस कोठे बोट ठेवेल, हे सांगायला ज्योतिषी नको: वालुकाश्माच्या स्तंभाचे टोक आणि चार घोडे. आमच्यापैकी प्रत्येकाच्या चार जागांमध्ये किमान दोन घोड्यांची डोकी होती. दीक्षाभूमीच्या चित्रात घुमटाचा कळस आणि खालची पायरी यांची तीच गत. नजर जेथे आपोआप जाते, तेथेच बोट जाते, आणि चोरालाही ते ठाऊक असते. संपूर्ण दृश्य एकत्र घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अधिक घडते. पसाऱ्यातून बारीक तपशील वेगळा काढणारा माणूस घोड्याच्या पायाखालची चिरेबंदीतील फट निवडू शकतो, पण मग ती दुसऱ्या दिवशी अचूक सापडावी लागते. यापेक्षा गर्दीने भरलेले, कोणताही एक भाग पुढे न येणारे चित्र दिले असते, म्हणजे कॉटन मार्केटमधील भाजीच्या ढिगांचे किंवा बर्डीवरील दुकानांच्या पाट्यांचे, तर हा दोष बराच कमी झाला असता. स्वतःचे चित्र वापरण्याची सोय नाही. घरच्या फोटोत सर्वांचे चेहरे आपोआप खुणेच्या जागा होतात, हे पाहता ती नाही तेच बरे.

दुसऱ्या प्रकारात तीस लहान चित्रांतून आपली चार चित्रे ओळखायची असतात आणि ती दर वेळी वेगळ्या जागी येतात. येथे मावशीने मला चकित केले. चित्रे तिच्या कामाची नाहीत असे मी धरून चाललो होतो, पण तिने छत्री, बैल, घड्याळ आणि केळी अशी चार चित्रे निवडून त्यांची एक वाक्याची गोष्ट केली: पावसात छत्री घेऊन निघालेल्या बैलाला घड्याळात उशीर दिसला म्हणून त्याने केळी वाटेतच खाल्ली. तिला चित्रे आठवत नाहीत, गोष्ट आठवते, आणि गोष्टीतील नावे ती पडद्यावर शोधते. जोपर्यंत चित्राला सरळ नाव आहे, तोपर्यंत शब्दांच्या माणसाचे अडत नाही. अडते ते पुढच्या संचात, ज्यात रंगीत वलये, ढगांसारखे आकार आणि एकसारखी दिसणारी फुले आहेत. मेहुण्याने तोच संच निवडला आणि तो क्षणात चारही आकार वेचतो. मावशीला तो संच म्हणजे नुसता रंगांचा पसारा वाटतो. दोन्ही संच ठेवावेत, पण निवडीच्या वेळी ‘नावे असलेली चित्रे’ आणि ‘नुसते आकार’ असा खुलासा करावा, एवढे सोपे काम राहून गेले आहे. फोनचा पडदा लहान असेल तर तीस चित्रे इतकी बारीक होतात की चष्म्याचा नंबर आठवतो, हेही नोंदवले पाहिजे.

बोटाच्या ठशात लक्षात ठेवण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तो सर्व वळणांच्या माणसांना समान वागवतो, असे वरवर दिसते. ठसा फोनमध्येच तपासला जातो, बँकेकडे जात नाही, ही त्याची जमेची बाजू. नागपूरच्या मे महिन्यात घामेजलेल्या बोटाने तो रुसतो, आणि वर्षानुवर्षे पोती हाताळलेल्या किंवा वयाने झिजलेल्या बोटांच्या रेषा त्याला पटत नाहीत, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. पण माझा आक्षेप वेगळा आहे. रोज ठशाने काम होत असल्यामुळे माणूस मूळ पिन वापरेनासा होतो आणि वापरेनासा झाला की विसरतो. मग फोन बदलला किंवा काही वेळा ठसा चुकला की ॲप नेमका तोच पिन मागते. ज्यांच्या स्मरणात आकडे बोटांच्या सरावाने राहतात, त्यांची अडचण सर्वांत मोठी, कारण सराव हाच त्यांचा एकमेव आधार होता. आठवड्यातून एकदा ठशाऐवजी पिन मागितला असता, तर तो आधार टिकला असता. ही सूचना ऐकायला जाचक वाटते, तरी मी ती करतो.

आता मुख्य दोषाकडे येतो, ज्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. पुढच्या दारात बँकेने पाच वाटा ठेवल्या आहेत, परंतु कोणतीही पद्धत तीनदा चुकली की ॲप सर्वांना एकाच वाटेवर आणून सोडते: ग्राहक क्रमांक, ओटीपी, मग दोन गुप्त प्रश्नांची उत्तरे आणि त्यानंतर नवा अक्षरी पासवर्ड. तो पासवर्ड सर्व नियमांसह तयार झाल्याशिवाय चित्रांकडे किंवा पॅटर्नकडे परतता येत नाही. म्हणजे ज्याने अक्षरांशी जमत नाही म्हणून चित्रे निवडली, त्याला अडचणीच्या क्षणी नेमकी अक्षरेच पुढे येतात. मेहुण्याचा गुप्त प्रश्न आवडत्या पदार्थाचा होता आणि उत्तर होते पाटोडी. खाते उघडताना शाखेत ते रोमन लिपीत कसे लिहिले गेले, मध्ये एक ए होता की दोन, पहिले अक्षर मोठे होते की लहान, हे त्याला सांगता येणे शक्य नव्हते. अर्ज तर शाखेतील कारकुनाने भरला होता. ॲप उघडले नाही आणि त्याला दुकान बंद ठेवून शाखेत जावे लागले. अशा गुप्त प्रश्नांची उत्तरे खऱ्या मालकाला आठवत नाहीत आणि परक्याला मात्र अंदाजाने सापडतात, हे गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्येच दाखवून दिले होते. नागपुरात आवडता पदार्थ विचारला तर अंदाज बांधायला कितीसा वेळ लागणार?

निवडीच्या पडद्याबाबतही तक्रार आहे. पहिल्यांदा लॉगिन करताना ॲप ग्राहकाचे वय पाहून एक पद्धत ‘आपल्यासाठी सुचवलेली’ म्हणून वर दाखवते: साठीपुढच्यांना बोटाचा ठसा, तरुणांना पॅटर्न, मधल्यांना एमपिन. वयाचा आणि स्मरणाच्या वळणाचा असा संबंध नसतो, हे वरील तिघांवरून स्पष्ट व्हावे. मावशीला ठसा सुचवला गेला, तो तिच्या बोटाला जुमानत नाही. आणि तिला खरोखर जमणारी चित्रांची पद्धत यादीच्या तळाशी, ‘इतर पर्याय’ या बटणाआड होती. यापेक्षा प्रत्येक पद्धत खोट्या खात्यावर एकेकदा करून पाहू दिली असती, तर माणसाने स्वतःच ओळखले असते. कोणत्याही मानसशास्त्रीय चाचणीची गरज नाही. बोट कोठे अडते आणि कोठे चालते, हे ज्याचे त्याला लगेच कळते.

इतक्या पद्धती दिल्याने सुरक्षा सैल होते का, असा प्रश्न काही सभासद विचारतात. ॲप नोंदणीकृत सिमवरून एसएमएस पाठवून त्या एका फोनशी बांधले जाते, त्यामुळे केवळ पिन किंवा पॅटर्न समजून दुसऱ्याच्या फोनवर खाते उघडत नाही. आणि तीन चुकांनंतर दार बंद होत असल्यामुळे अंदाज करत बसण्यालाही वाव नाही. या चौकटीत सहा आकडे, चार चित्रे किंवा बरा पॅटर्न यांपैकी काहीही घेतले तरी रोजच्या वापराला पुरेसे आहे. कागदावर लिहून ठेवलेला पिन मात्र कोणत्याही चौकटीत बसत नाही, आणि माणसाला न जमणारी पद्धत गळ्यात घातली की तो लिहूनच ठेवतो.

पाचपैकी तीन तारे देतो. चित्रांच्या पद्धतीसाठी एक पूर्ण तारा, बोटाचा ठसा आणि पॅटर्न व्यवस्थित चालतात यासाठी दुसरा, आणि एकाच ग्राहकाला पद्धत हवी तेव्हा बदलता येते यासाठी तिसरा. बदलता कीपॅड, पंधरा अक्षरांची मर्यादा आणि विसरल्यावरची एकेरी वाट यांमुळे उरलेले दोन गेले. ज्यांनी नवी आवृत्ती अद्याप घेतलेली नाही, त्यांनी घेण्यापूर्वी शाखेत जाऊन आपल्या गुप्त प्रश्नांची उत्तरे नव्याने नोंदवून घ्यावीत आणि रोमन स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहावे. त्यासाठीचा अर्ज चौकशीच्या खिडकीवर मिळतो, ओळखपत्राची प्रत जोडावी लागते, आणि संयुक्त खाते असेल तर दोन्ही खातेदारांच्या सह्या लागतात.